कावळ्याला दिलेला शब्द

गोजाबाईंनी आजवर सुनेला 'नाही' असं कधी म्हटलं नव्हतं, आणि शालनचा सगळा वैताग त्यातच होता. नाही म्हणणाऱ्या सासूशी निदान भांडता तरी येतं. 'ने की गं, तुजीच पोर हाय' असं म्हणून पुढ्यात गूळपाणी ठेवणाऱ्या सासूशी माणसानं भांडायचं तरी कसं?

चैत्रात धाकट्या दिगूला गोवर आला, तेव्हा थोरल्या कौशीला लागू नये म्हणून ज्योतीरामनं तिला आपल्या आईकडे नेऊन सोडलं. दापोडीला त्यांची एकच खोली, तिच्यात चूल, मोरी आणि चार माणसं. दुसरा इलाजच नव्हता. गाव म्हणजे तरी काय, नाशिकच्या रस्त्यावर चाकणच्या अलीकडे उतरून कोसभर आत, वीस-पंचवीस उंबऱ्यांची वाडी. आठ दिवसांचा वायदा होता, त्याचे सहा महिने झाले. वैशाखात आणायला गेले तर 'एवढ्या उनात पोर करपंल'. जेठात पेरणीची घाई. आषाढात 'आखाडात लेकरू हलवत न्हाईत'. श्रावणात पंचमीचा झोका, भादव्यात गौरी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं तर नुसतं पोरीला घरी आणायचं होतं. दर खेपेला बोलणं 'ने की'नं सुरू व्हायचं, 'म्होरल्या खेपेला ने'वर संपायचं, आणि शालन रिकाम्या हातानं मोटारीत बसायची.

बरं, नुसती माया असती तर तिनं आणखी कळ काढली असती. पण जूनमध्ये तिनं कौशीचं नाव दापोडीच्या शाळेत घालून ठेवलं होतं. पोरीला सातवं लागलं होतं. शाळेच्या कुसुमताई मास्तरीण भल्या; त्यांनी जून काढला, जुलै काढला, ऑगस्टही काढला, रोज हजेरीला कौशीचं नाव पुकारलं आणि रोज गैरहजर मांडलं. परवा मात्र त्यांनी शालनला नळावर गाठून सांगितलं, "हे बघा, वरून तपासणी आहे. सोमवारी मुलगी वर्गात दिसली नाही तर मी पटावरून नाव कमी करणार. मग पुढच्या जूनपर्यंत माझ्याकडे येऊ नका."

शालन स्वतः खडकीच्या शाळेत तिसरीपर्यंत गेली होती. पाठचा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला म्हणून तिला घरी बसवलं. 'थोडे दिवस' म्हणूनच बसवलं होतं. ते थोडे दिवस अजून संपले नव्हते. आता सव्विसाव्या वर्षी ती मोटारीवरची पाटी एकेक अक्षर लावून वाचायची, आणि पाटी पुरी होईतो मोटार निघून जायची. पोरीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात स्वतःच्या मनानं ठरवली होती.

नेमकी त्या रविवारी सर्वपित्री अमावास्या आली. पितरांना जेवू घालायला एकुलत्या एका लेकाला गावी जावंच लागणार होतं. शनिवारी अर्ध्या दिवसानं वर्कशॉपचा भोंगा झाला. ज्योतीराम फिटर होता. हाताचं काळं तेल रॉकेलनं धुऊन, जेवून निघायला त्याला दोन वाजले. मग कासारवाडीच्या फाट्यावर येऊन दोघं उभी राहिली. शिवाजीनगरहूनच गच्च भरून येणाऱ्या दोन गाड्या धूळ उडवत तशाच पुढे गेल्या. पावसानं दडी मारली होती आणि भादव्याचं ऊन नुसतं चावत होतं. दिगू कधी कडेवर यायचा, कधी खाली उतरून फुफाट्यात पाय घालायचा.

"आत्ताच सांगते," शालन म्हणाली, "उद्या चारच्या गाडीला कौशीला घेऊन निघायचं. तुम्ही मधे पाय मागं घेऊ नका."

"अगं, मी कशाला घेईन? माझीपण पोरगीच आहे ना ती."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होता."

"या खेपेला शब्द देतो, झालं?" ज्योतीरामनं छातीवर हात ठेवून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. लोखंडाचा कसलाही वाकडा तुकडा तो तासाभरात सरळ करायचा, पण आईसमोर उभा राहिला की स्वतःच वाकायचा.

वाडीत पोचेपर्यंत दिवस कलला होता. कौशी अंगणात एका करडाला पाला घालत होती. तिनं बापाला मिठी मारली, दिगूचा पापा घेतला आणि आईकडे नुसती बघत उभी राहिली. केस तेल लावून घट्ट बांधलेले, अंगावर आजीनं शिवलेला परकर. पोरीला कुठं काही कमी नव्हतं, आणि तेही शालनच्या जिवाला लागलं.

"कौशे, उद्या घरी जायचं बरं का. शाळेत जायचं तुला."

"शाळंत करडू नेता येतं?" कौशीनं विचारलं.

"नाही गं."

"मग मी का जाऊ?" म्हणत पोर आत पळाली.

रात्री जेवताना शालननं सासूच्या कानावर घातलं. सोमवारचं, तपासणीचं, नाव कमी होण्याचं, सगळं नीट सांगितलं. गोजाबाई भाकरी थापता थापता मान डोलवत होत्या.

"ने की," त्या म्हणाल्या. "न्हाई कोन म्हनतंय? शाळा शिकलीच पायजे पोरीनं. आमी ऱ्हायलो आडानी, ते बास झालं."

सासरे मारुतराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनीही 'व्हय, व्हय' केलं. शालनला इतकं हलकं वाटलं की तिनं त्या रात्री सासूचे पाय चेपून दिले. भोळी म्हणावी ती इतकी!

सकाळी उजाडताच स्वयंपाक सुरू झाला. भात, खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, गवारी. सासू-सून चुलीपुढं बसल्या. शालन खुशीत होती. वड्याचं पीठ मळता मळता ती म्हणाली, "आत्याबाई, कौशीचे कपडे कुठं ठेवलेत? जेवणं झाली की बोचकं बांधते."

गोजाबाईंनी चुलीत फुंकर घातली. धूर झाला, डोळे पुसले, आणि मग सावकाश म्हणाल्या, "आज आमुशा हाय न्हवं."

शालनचा हात पिठातच थांबला. "मग?"

"आमुशेला लेकरू हलवत्यात व्हय कुटं? म्या आपलं सांगितलं. तुजी पोर, तू ने. वाटंत काय झालं तर मातर मला बोलू नगं."

"काल का नाही बोललात?"

"काल कुटं आमुशा व्हती?"

शालननं तरी सांगून पाहिलं की एसटी अमावास्येलाही चालते, दिगूही त्याच गाडीतनं जाणार आहे, त्याला नाही का अमावास्या? "त्यो आला तसा जाईल. पोर सा म्हैने हितं ऱ्हायली, तिला हितल्या मातीची सवय लागली," गोजाबाई म्हणाल्या. "उद्या घट बसतील. येकदा घट बसलं की नऊ दीस घरातलं मानूस हलवायचं न्हाई. दसरा झाला की मीच आनून सोडते बग." म्हणजे झालं. दसऱ्यानंतर दिवाळी होतीच.

शालन उठून अंगणात गेली. ज्योतीराम दाढी करत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं गालावरचा साबण पुसला आणि म्हणाला, "तू नको चिडू. पितरं जेवली की मी सांगतो आईला." हा माणूस सांगणार! शालनला वाटलं, याच्या हातातला वस्तरा घ्यावा आणि... पण तिला काहीच सुचलं नाही, ती परत जाऊन वडे थापू लागली.

दुपारी बारा वाजता पितरांचं पान वाढून तयार झालं. मारुतरावांची आई सुभद्राबाई तीन वर्षांमागं गेली होती. पान मुख्यतः तिचंच. ज्योतीरामनं शिडी लावून ते गोठ्याच्या कौलांवर ठेवलं, पाणी फिरवलं आणि खाली उतरून 'काव, काव' केलं. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, लेकरंसुद्धा नाही, असा त्या घरचा कडक नेम.

मागच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसलेले होते. ते मान वाकडी करून पानाकडे बघायचे, उडायचे, कौलावर उतरू उतरू करायचे आणि पुन्हा बाभळीवर जायचे. अर्धा तास गेला. तास गेला. कढी थंड झाली. आत शालन शेवटच्या घाण्याचे वडे तळत होती, तिला बाहेरची बोलणी ऐकू येत होती.

"खीर गोड न्हाई का झाली?" मारुतराव.

"तिला मशेरी लागायची जेवल्यावर. मशेरी ठिवा," गोजाबाई.

मशेरीची पुडी ठेवली. कावळा येईना. मारुतरावांनी हात जोडून आईला सांगितलं की बांधावरचा आंबा तोडणार नाही. कावळा येईना. ज्योतीरामनं सांगितलं की पुढच्या वर्षी दोन भाज्या जास्त करू. कावळ्यांना भाज्यांत रस दिसला नाही. दिगू अंगणात नुसता दंगा करत होता. पोटात कावळे ओरडायला लागले होते, ते मात्र सगळ्यांच्याच.

मग गोजाबाई हळूच म्हणाल्या, "तिचा जीव कशात आडकलाय, ते मला कळतंय. पर मी कशाला बोलू?"

"बोल की आई," ज्योतीराम म्हणाला.

"पोर घरातनं चाललीया, ते बगवंना तिला. पणतीला मांडीवर घिऊन गेली व्हती म्हातारी. आज आमुशेचं तिलाच उटवून निताय. कसा शिवंल कावळा?"

शालनच्या हातातला झारा कढईवरच थांबला. तिला वाटलं, आता तरी हा काही बोलेल. निदान 'तसं काही नसतं आई' एवढं तरी. मग ज्योतीरामचा आवाज आला, उपाशी, कंटाळलेला, सुटका करून घ्यायला निघालेला आवाज.

"आज्जे, कौशीला नेत नाही गं. इथंच राहील ती. शब्द देतो. जेव आता."

शालन झारा हातात घेऊन तशीच बाहेर धावली. ती दारात आली आणि त्याच वेळी एक कावळा बाभळीवरून सुटला, थेट पानावर उतरला आणि अख्खा वडा चोचीत धरून गेला.

"शिवला! शिवला!" मारुतराव ओरडले. गोजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. ज्योतीरामनं असा श्वास सोडला, जणू डोक्यावरचं पोतं उतरलं.

पण शालननं आणखी एक गोष्ट पाहिली होती. मारुतरावांच्या कडेवर दिगू होता आणि दिगूच्या हातात हातभर लांब तुरखाटी होती. पोरगं सकाळपासून त्या काठीनं कावळ्यांच्या मागं लागलं होतं. कावळा कौलावर टेकला की खालून हे काठी नाचवत 'हाड हाड' करायचं. आत्ता भुकेनं रडायला लागलं म्हणून आजोबांनी त्याला उचललं होतं, आणि काठी खाली झाली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ती ही अशी.

"अहो, दिगू काठी हलवत होता म्हणून येत नव्हता तो!" शालन म्हणाली. "बघा तरी, काठी त्याच्या हातातच आहे!"

"पितरांचं असं थट्टेवारी न्यायचं न्हाई," मारुतराव गंभीरपणे म्हणाले आणि दिगूच्या हातातली काठी काढून वळचणीला खोचली.

शालनचं डोकं सणकलं. ती आत गेली, पानभर भात-वडे घेऊन आली, स्वतः शिडीवर चढली आणि नवं पान कौलावर ठेवून मोठ्यानं म्हणाली, "आजेसासूबाई, मी कौशीला शाळेत न्यायचं म्हणते. तुम्हाला पसंत असेल तर घास घ्या!" ती खाली उतरते न उतरते तोच तीन कावळे पानावर तुटून पडले. पान उलटं झालं, भात कौलावर सांडला, तोही त्यांनी टिपून घेतला.

"बघा!" शालन म्हणाली. तिला हसू फुटत होतं. "आता काय म्हणता?"

गोजाबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "पयला घास पितराचा आसतो. मागनं खातो त्यो नुसता कावळा," त्या म्हणाल्या आणि पानं वाढायला आत गेल्या.

जेवणं झाली. ज्योतीरामनं चार वडे जास्त खाल्ले. शालननं मात्र पानातला भात नुसता चिवडला. तिला रडू येत नव्हतं, तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. सासूवर काढावा तर ती नाही म्हणत नव्हती. नवऱ्यावर काढावा तर त्यानं शब्द दिला होता, तिलाही आणि मेलेल्या म्हातारीलाही, आणि दोघींत म्हातारीचा खरा झाला. कौशीवर काढावा तर ती करडाच्या गळ्यात हात टाकून वळचणीला झोपली होती.

तीन वाजले. ज्योतीरामनं पिशवी उचलली. "चल, आवर. गाडी चुकेल."

शालन चुलीपाशी बसून भांडी घासत होती. ती उठली नाही. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मी इथंच राहते."

"म्हणजे?"

"कौशी इथं राहणार म्हणून पितरांना सांगितलंत ना? मग तिची आईपण राहील. दिगूपण राहील. पोरीला मी घरीच अक्षरं गिरवायला लावीन, मला येतात तेवढी. तुम्ही दापोडीला जा. सुटीच्या दिवशी येत जा."

ती हे रागानं बोलली होती, पण बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं की ती खरंच राहणार आहे. ज्योतीराम पिशवी धरून उभा राहिला. त्यानं आईकडे पाहिलं.

गोजाबाई पाट उचलत होत्या, त्या थांबल्या. "आन् ह्येच्या भाकरीचं?"

"काय भाकरीचं?"

"सकाळच्या सातला भोंगा व्हतो म्हनं ह्येचा. भाकर कोन थापनार? डबा कोन दिनार?"

"त्यांचे ते बघतील. खानावळी आहेत की दापोडीत."

"खानावळीचं खाऊन माज्या पोरानं पोट बिगडून घ्यायचं व्हय!" गोजाबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "शालन, काय बोलतीस तू? दिसभर लोकंड वडनारं पोर त्ये!"

"आत्याबाई, मी कुठं नाही म्हणतेय?" शालन म्हणाली. "दसरा झाला की जाईन की."

गोजाबाईंनी हातातला पाट भिंतीला लावला, खिरीची वाटी भरली, तरातरा अंगणात गेल्या आणि गोठ्याच्या दगडावर वाटी ठेवून वर बघत म्हणाल्या, "आत्याबाई, पोर शाळंला चाललीया. जोतीनं भुकंच्या भरात शबूद दिला त्यो मागं घेतला. तुमी जित्या व्हता तवा माजं कवा ऐकलं न्हाई, आता तरी आयका." आणि त्या माघारी वळल्या. कावळाबिवळा कुणी आला नाही. गोजाबाईंनी त्याची वाटही पाहिली नाही.

"आणि अमावास्या?" शालननं विचारलं.

"तिनीसांजंच्या आत पोचा म्हंजे झालं. कपाळाला काळं लावते पोरीच्या," म्हणत त्यांनी फडताळातून कौशीचं बोचकं काढलं. ते बांधलेलंच होतं. करडाला सोडून जायचं म्हणून कौशीनं भोकाड पसरलं. मारुतरावांनी तिला समजावलं, दिगूला खांद्यावर घेतलं आणि सगळी मोटाररस्त्याला लागली. गोजाबाई वेशीपर्यंत आल्या. तिथं त्यांनी नातीचा मुका घेतला आणि त्या खरोखर रडल्या, ते खोटं नव्हतं.

शालन पुढं चालत होती. तिच्या मनासारखं झालं होतं. उद्या कुसुमताई नाव पुकारतील आणि कौशी 'हजर' म्हणेल. पण रस्त्यावर पाऊल टाकताना तिचा राग कमी होण्याऐवजी वाढतच चालला होता. आखाड, गौरी, अमावास्या, घट, मेलेली म्हातारी, सगळ्यांना अर्ध्या घटकेत बाजूला सारता येत होतं. पोरीच्या शाळेसाठी नाही, पोरीच्या आईसाठी नाही, ज्योतीरामच्या भाकरीसाठी. हे तिला चैत्रातच कळलं असतं तर तिनं चैत्रातच चूल बंद केली असती.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. कौशी हुंदके देत तिच्या मांडीवर कलंडली. ज्योतीराम आता चांगलाच खुलला होता.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, शब्द देतो म्हणून? बरं, उद्या डब्याला काय करशील?"

शालननं कौशीच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"उद्या सकाळी मी पोरीला शाळेत सोडायला जाणार आहे," ती म्हणाली. "तिची वेणी घालायची आहे, पाटी घ्यायची आहे. डब्याचं तुम्ही त्या कावळ्याला विचारा."

ज्योतीरामला वाटलं ती थट्टा करतेय, म्हणून तो हसला. सोमवारी सकाळी भोंगा झाला तेव्हा तो रिकाम्या चुलीपुढं उभा होता, आणि शालन कौशीचं बोट धरून शाळेच्या दारात पोचली होती.